खाडीचे पक्षी वाचवायचे असतील, तर गणित हवंच

(प्रश्न : विट्यात माझे यंत्रमाग आहेत. मुलगी दहावी झाली. मायणीच्या तलावावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघितल्यापासून ‘खाडीवरचे पक्षी वाचवायचं काम करणार’ म्हणते. अकरावीला गणित सोडायचं म्हणते. सांगली जिल्ह्यात समुद्र नाही, आणि कारखाने अडवायचं शिक्षण घेऊन पोट भरेल का? – एक पालक)

सप्रेम नमस्कार,

तुमची काळजी रास्त आहे. पण हे काम कारखाना अडवायचं नाही, तो नेमका कुठे नको हे पुराव्यानिशी सांगायचं आहे.

खाडीत ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो. तुतवारासारखे पक्षी चोच खुपसून त्यातले किडे, बारीक शिंपले वेचतात. भरती आली की तोच चिखल पाण्याखाली जातो, मग थव्याला चार-पाच तास टेकायला जवळच उथळ, निवांत जागा लागते. बंदर किंवा गोदामासाठी भराव पडतो तो बऱ्याचदा नेमका या टेकायच्या जागेवर. कागदावर ती ‘पडीक खाजण’, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्याची ओसाड जमीन असते. चिखल शाबूत राहतो, पण दर भरतीला लांब उडून पक्ष्याची स्थलांतरासाठी साठवलेली चरबी खर्ची पडते. कधी भरावही लागत नाही, भरतीचं पाणी येणारी वाट बुजली तरी पुरे. उरणच्या पाणथळ जागांचा वाद याच गोष्टींवरून पेटला.

दक्षिण कोरियात सेमानगुमला २००६ साली ३३ किलोमीटरच्या भिंतीनं भरती अडवली. तिथले पक्षी शेजारच्या खाड्यांत जातील, असं म्हटलं जात होतं. नंतरच्या मोजणीत हजारो पक्षी तिथेही सापडले नाहीत. हे कळलं, कारण भिंतीच्या आधी आणि नंतर कुणीतरी चिकाटीनं पक्षी मोजले होते. तुमच्या मुलीला करायचं आहे ते हे काम, आणि मला ते मनापासून मोलाचं वाटतं.

आता पोटापाण्याचं. मोठ्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण परिणामांचा अभ्यास करावा लागतो, तो करणाऱ्या सल्लागार संस्थांना माणसं लागतात. खाडीकाठची खारफुटी जपणारा राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा, २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. एमपीएससीतून वनसेवेचा रस्ताही आहे. सुरुवातीची नोकरी मात्र बहुधा कंत्राटी आणि कमी पगाराची असते, तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं घरून आधार द्यायची तयारी ठेवा. दापोलीला वनशास्त्राची पदवी आहे, पुढे देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत एम.एस्सी. करता येतं.

नुसती प्राणिशास्त्राची पदवी घेऊन अडकलेली मुलं मी पाहिली आहेत. पक्षी ओळखता येतात, पण पाच वर्षांच्या मोजणीतली घट खरी की योगायोगाची, हे मांडता येत नाही. जनसुनावणीत समोरचा इंजिनिअर तिथेच गाठतो. म्हणून जीवशास्त्राबरोबर गणित ठेवाच, पुढे संख्याशास्त्र आणि संगणकावरचे नकाशे शिकू द्या.

अकरावी सुरू होण्याआधी तिला ऐरोलीच्या खाडीवर घेऊन जा. भरतीचं वेळापत्रक बघून निघा आणि ओहोटीपासून भरतीपर्यंत थांबा. रोहित हिवाळ्यात जास्त असतात, आत्ता कमी दिसतील. तरी वही तिच्या हातात द्या, आणि दिसतील तेवढे पक्षी दर अर्ध्या तासाला मोजायला सांगा. दुसऱ्या तासालाही ती मोजत असेल, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हालाच मिळेल.