दिव्यांग बापलेकीनं इंग्लंडला यायचं, तर सरकारी पैशांचं काय?

भाऊ, तुमचा प्रश्न असा आहे: गाव आर्णी तालुक्यात, तुमच्या उजव्या पायाला पोलिओ, कॅलिपर लावून चालता. नऊ वर्षांच्या लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे, अधूनमधून फिट येते. वहिनी स्टाफ नर्स आहेत आणि त्यांना इंग्लंडमधल्या एका रुग्णालयाचं नोकरीचं पत्र आलंय. नागपूरच्या एजंटानं सांगितलं की तिकडं पोचल्याबरोबर बाप-लेक दोघांनाही सरकारचा पगार सुरू होतो. हे खरं का?

खरं नाही. मी दारव्ह्याकडची, आता इंग्लंडात राहते, मीही पायानं अधू, माझ्या मुलाला ऑटिझम आहे. आज आम्हा दोघांनाही इथले पैसे मिळतात, पण ते कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळाल्यावर. वहिनींच्या व्हिसावर आणि तुमच्या दोघांच्या अवलंबितांच्या व्हिसावर एक अट असेल: नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स, म्हणजे सरकारी भत्ते घ्यायचे नाहीत. दिव्यांग मोठ्या माणसाचा भत्ता पीआयपी, सोळा वर्षांखालच्या दिव्यांग लेकराचा भत्ता डीएलए, सांभाळ करणाऱ्याचा केअरर्स अलाउन्स, कमी उत्पन्नवाल्यांचं युनिव्हर्सल क्रेडिट, मुलांसाठीचं चाइल्ड बेनिफिट हे सगळं त्या अटीनं बंद असतं. कोणी म्हणेल, अर्ज टाकून तर बघा, मिळाले तर मिळाले. तसं मुळीच करू नका. चुकून मंजूर होऊन पैसे खात्यात आले, तरी तो अटीचा भंग धरला जातो आणि पुढं व्हिसा वाढवताना तेच आडवं येतं.

ही अट उठते कायम वास्तव्य मिळाल्यावर. त्याला आजवर ५ वर्षं लागत होती. २०२५ मध्ये सरकारनं ती मुदत साधारणपणे १० वर्षं करण्याचा प्रस्ताव मांडला आहे. म्हणून हिशेब दहाचाच धरा. त्यासाठी तुम्हालाही इंग्रजीची आणि 'लाइफ इन द यूके'ची परीक्षा द्यावी लागेल, तेव्हा इंग्रजीला आत्तापासूनच लागा.

म्हणजे घर चालणार वहिनींच्या पगारावर. २०२५-२६ मध्ये इंग्लंडात बँड ५ (स्टाफ नर्सची सरकारी पगारश्रेणी) नर्सचा सुरुवातीचा पगार वर्षाला ३१,०४९ पौंड होता. कर, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शन कापून हातात महिन्याला दोन हजार पौंडांच्या आसपास पडतात. आधी त्या शहरातलं घरभाडं पाहा, ते वजा करा आणि उरलेल्यात तिघांचं भागतं का ते कागदावर मांडा. अवलंबित म्हणून तुम्हाला काम करण्याची परवानगी असते, पण लेकीजवळ कोण थांबणार हे ठरेपर्यंत तुमची कमाई हिशेबात धरू नका. वहिनींचा हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसा असेल तर तिघांनाही व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार माफ आहे. इतर व्हिसांवर तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड पडतो, त्यामुळे व्हिसाचा प्रकार पत्रात नीट वाचून घ्या.

आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते तुमचा निर्णय हिच्यावरच व्हावा. सरकारी दवाखाना, सरकारी शाळा आणि कौन्सिलची (आपल्या नगरपालिकेसारखी संस्था) सामाजिक सेवा या तीन गोष्टी त्या अटीत येत नाहीत. लेकीचं न्यूरोलॉजी, फिजिओ, स्प्लिंट, व्हीलचेअर, तुमचा कॅलिपर हे एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेतून होतं. थांबावं मात्र लागतं, काही ठिकाणी महिनोन्‌महिने. शाळेसाठी ईएचसीपी नावाचा आराखडा असतो, त्यात विशेष गरजा असलेल्या लेकराला कोणती मदत द्यायची ते लिहिलेलं असतं. आई-बाप स्वतः कौन्सिलकडे अर्ज करू शकतात. तपासणी करायची की नाही हे कौन्सिलनं ६ आठवड्यांत सांगायचं आणि पूर्ण आराखडा २० आठवड्यांत द्यायचा, असा कायदा आहे. मुदत बऱ्याचदा टळते, पण नकार आला तर ट्रिब्युनलकडे फुकट दाद मागता येते. आराखड्यात लिहिलेली मदत देणं कौन्सिलला बंधनकारक असतं. जेवताना जवळ माणूस हवा, फिट आली तर काय करायचं, आठवड्याला स्पीच थेरपी किती, हे सगळं आकड्यांनिशी लिहून घ्या. 'गरजेनुसार' असा मोघम शब्द दिसला की बदलायला लावा.

घराचं मात्र कोणी आधी सांगत नाही. इथली परवडणारी भाड्याची घरं बहुतेक अरुंद आणि दोन मजली असतात. जिना उभा, आणि संडास-न्हाणी पुष्कळदा वर. वहिनींची ड्युटी बारा-साडेबारा तासांची आणि रात्रपाळीही येणार. त्या रात्री लेकीला उचलून जिना कोण चढणार? कॅलिपर लावून नऊ वर्षांचं लेकरू उचलणं तुम्हाला गावातही जड जात असेल, आणि इथं हाकेला धावून येणारी काकू नाही. तेव्हा तळमजल्याचंच घर बघा, भाडं थोडं जास्त पडलं तरी. पोचलात की कौन्सिलला पत्र लिहून लेकीची आणि तुमची दोघांचीही गरज तपासायला सांगा. बाप म्हणून लेकराचं करताना तुम्हाला काय जमत नाही, हेही त्या तपासणीत धरलं जातं. हॉइस्ट (माणूस उचलायचं यंत्र), न्हाणीतली खुर्ची, घरी येणारी मदतनीस या गोष्टी त्यातून निघू शकतात.

कायम वास्तव्य मिळालं की मग पैशांचे अर्ज करा. मोठ्यांसाठी मागच्या ३ वर्षांपैकी २ वर्षं देशात राहिलेलं लागतं. व्हिसावरची वर्षंही त्यात मोजतात, म्हणून लगेच अर्ज करता येतो. पहिला लेकीचा अर्ज करा. वहिनींचा पगार कितीही असो, डीएलए आणि पीआयपीला तो पाहिला जात नाही. २०२५-२६ मध्ये दोन्हींत देखभालीचा वरचा दर आठवड्याला ११०.४० पौंड आणि हिंडण्याफिरण्याचा ७७.०५ होता. लेक सोळाची झाली की तिलाही पीआयपीकडे जावं लागतं, म्हणजे दहा वर्षं लागली तर तिचा अर्जही पीआयपीचाच असेल.

स्वतः दिव्यांग असलेल्या बापाला केअरर्स अलाउन्स मिळत नाही, असं इथले आपले लोकही सांगतात. ते चूक आहे. लेकीला डीएलएत देखभालीचा मधला किंवा वरचा दर असेल, तुम्ही आठवड्याला ३५ तास तिचं करत असाल आणि तुमची स्वतःची कमाई मर्यादेत असेल, तर स्वतःचं पीआयपी घेऊनही तो मिळतो. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये मात्र आजारपणाची आणि सांभाळाची अशा दोन्ही वाढीव रकमा एकाच माणसाला मिळत नाहीत.

पीआयपीच्या फॉर्ममध्ये अपंगत्वाचे टक्के कोणी विचारत नाही. आपल्याकडं ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र झालं की काम होतं, इथं आजाराच्या नावावर काही ठरत नाही. किती मीटर चालता, विचारतात: २०, ५०, २००? तुम्ही म्हणाल, चालतो की वावरापर्यंत. तसं लिहाल तर पैसे गेले. सुरक्षितपणे, पुन्हापुन्हा आणि वाजवी वेळात जेवढं जमतं तेवढंच 'जमतं' धरतात. धुऱ्यावरून एकदा चालून आल्यावर संध्याकाळभर पाय ठणकतो, हे लिहायची लाज वाटू देऊ नका.

कागदांचं सांगते. दोघांची यूडीआयडी कार्डं (दिव्यांगांचं ओळखपत्र), डीईआयसीचे (लहान मुलांच्या तपासणीचं जिल्हा केंद्र) रिपोर्ट, जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, एमआरआय, फिजिओच्या नोंदी असं सगळं इंग्रजीत करून आणा. फिटच्या गोळ्या तीन महिने पुरतील एवढ्याच आणा आणि सोबत डॉक्टरांचं पत्र ठेवा. नवे स्प्लिंट भारतातूनच करून आणा. संजय गांधी निराधारचा पगार सुरू असेल तर निघण्याआधी तहसीलला लेखी कळवून बंद करा.

ऑस्ट्रेलियाचंही विचारलंत. तिथं कुटुंबातल्या एकाच्या उपचाराचा अंदाजी खर्च मर्यादेपलीकडे गेला तर सगळ्यांचाच व्हिसा अडू शकतो. इंग्लंडच्या व्हिसाला क्षयरोगाची तपासणी लागते, अपंगत्वावरून अडवत नाहीत. तुमच्या घरासाठी मला हाच देश बरा वाटतो, पण लेकीची शाळा आणि उपचार डोळ्यांपुढं ठेवून या.

वहिनींच्या पत्रात शहर कोणतं आहे तेवढं कळवा. आपण सगळ्यालाच इंग्लंड म्हणतो, पण ते स्कॉटलंडमधलं असेल तर लेकरांची आणि मोठ्यांची दोन्ही योजना वेगळ्या आहेत, शाळेचा कायदाही वेगळा, मग ईएचसीपीचं वर लिहिलेलं तुम्हाला लागू होणार नाही.