एकाच बाळाबद्दल दोन रुग्णालयं वेगळं का सांगतात?

तुम्ही विचारलंय, तीन महिन्यांच्या बाळाला एका रुग्णालयाने ‘पलंगावरून पडलं’ म्हणून मांडीला प्लास्टर घालून घरी पाठवलं, दुसऱ्याने थेट एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) केली, खरं कोण? मारलं का ते इथे बसून सांगता येणार नाही. पण दुसऱ्यांनी केलं ते बरोबरच.

सगळा फरक बाळाचे कपडे पूर्ण उतरवले का, इथे पडतो. पहिल्यांनी दुखरा पाय पाहिला, हाड जोडलं, संपलं. कानामागे, मानेवर, पोटावर पाहिलंच नाही. वरचा ओठ बोटाने उचलून आतली हिरडीला धरणारी पातळ पट्टी फाटलीय का, हे बघायला पाच सेकंद लागतात. जे बाळ अजून पालथंही पडत नाही, त्याच्या अंगावरचा एकही काळानिळा डाग किरकोळ नसतो.

मग एक्स-रे. अख्खं बाळ एकाच फिल्मवर काढण्यात अर्थ नाही. सांध्यालगत हाडाच्या टोकाचा उडालेला कपचा, पाठीकडच्या बरगडीची भेग त्यात हरवते. हात, पाय, पंजे, कवटी, मणका वेगवेगळे, बरगड्या तिरक्याही, असे वीसएक एक्स-रे लागतात. आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. ताजी भेग बऱ्याचदा दिसत नाही, भरून येताना भोवती नवं हाड धरलं की दिसते. हीच दुसरी फेरी राहून जाते.

‘घर चांगलं आहे, शिकलेली माणसं आहेत’ म्हणून शंका सोडून देण्यावरून अस्थिरोगवाल्यांशी माझा जुना वाद आहे. अमेरिकेतला १९९९चा अभ्यास बघा: मारामुळे डोक्याला इजा झालेल्या १७३ मुलांपैकी ५४ जणांचं निदान आधी हुकलं, त्यातल्या १५ जणांना पुन्हा इजा झाली. काहींना तर पोटाचा संसर्ग सांगितला होता. आईवडील एकत्र राहणाऱ्या गोऱ्या घरांतच जास्त हुकलं. एमएलसीने कुणी गुन्हेगार ठरत नाही. तपास पोलिसांचा, बाळाच्या सुरक्षिततेचं बालकल्याण समिती बघते. शंका असेल तर मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ क्रमांकावर फोन तुम्हीही करू शकता.

हां, दरवेळी मारच असतो असं नाही. ढुंगणावरचे जन्मजात निळसर डाग आपल्या बाळांत सर्रास असतात; मुका मार काही दिवसांत रंग बदलतो, हे बदलत नाहीत. ठिसूळ हाडांचा जन्मजात आजारही असतो. आणि जन्मल्यावर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन चुकलं असेल तर मार न लागताही मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून डिस्चार्ज कार्ड बघा आणि प्लेटलेट आणि पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याच्या तपासण्या) यांचं रक्त व्हिटॅमिन के देण्याआधी काढा. इंजेक्शन गेलं की काही तासांत पीटी सुधारायला लागतो, मग कारण कळत नाही.