पंचवीस वर्षांच्या सुट्ट्या आजच विकत घ्याव्यात का?

प्रश्न : आम्ही दोघं कर्वेनगरला भाड्याच्या घरात राहतो. मी २८ वर्षांची, बँकेत आहे. नवरा ३० वर्षांचा, चाकणच्या कंपनीत. लग्नाला पावणेदोन वर्षं झाली. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,१६,००० रुपये. गेल्या रविवारी एका हॉटेलात ‘मोफत जेवण आणि माहिती’ म्हणून बोलावलं होतं. तीन तास बसलो आणि हॉलिडे क्लबच्या २५ वर्षांच्या मेंबरशिपसाठी १५,००० रुपये टोकन भरून बाहेर पडलो. किंमत ३,६०,००० रुपये. टोकन धरून ६०,००० आधी आणि उरलेल्या ३ लाखांचं तीन वर्षांचं कर्ज, हप्ता १०,४००. शिवाय दरवर्षी १८,००० रुपये देखभाल फी अधिक जीएसटी. वर्षाला त्यांच्या रिसॉर्टमध्ये सहा रात्री मिळतील. नवऱ्याचं म्हणणं, आत्ता पैसे गुंतवले नाहीत तर पुढे आपण कुठे जाणारच नाही. त्याच्या बाबांनी आईला रिटायर झाल्यावर एकदा तिरुपतीला नेलं, तेवढंच. सासूबाई म्हणतात, फिरण्यात पैसे उडवता त्यापेक्षा फ्लॅटचं बघा. मला दोघांचंही पटतं. अकरा महिन्यांच्या खर्चाची शीट आणि सही केलेला फॉर्म जोडला आहे. फेब्रुवारीत लग्नाचा दुसरा वाढदिवस आहे. तो तरी करावा का?

उत्तर : आधी घाईचं काम. तुमच्या फॉर्मच्या मागच्या पानावर, अगदी बारीक अक्षरात, एक कलम आहे. सही केल्यापासून दहा दिवसांत लेखी कळवलं तर मेंबरशिप रद्द होते आणि पूर्ण रक्कम परत मिळते. तुमच्याकडे अजून चार दिवस आहेत. आजच ईमेल करा, आणि तोच मजकूर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा. फोनवर बोलून भागणार नाही. फोन कराल तर पलीकडून आणखी सवलत निघेल आणि बोलण्याबोलण्यात मुदत टळेल. मेलमध्ये कारण द्यायची गरज नाही. फॉर्म नंबर, तारीख, भरलेली रक्कम आणि ‘अमुक कलमानुसार रद्द करत आहोत, रक्कम त्याच कार्डावर परत करावी’ एवढंच पुरे. कर्जाच्या कागदांवर अजून सही केलेली नाही असं तुम्ही लिहिलंय, ती आता करू नका. पैसे परत करायला टाळाटाळ झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.

म्हणजे माझं उत्तर ‘घेऊ नका’ असं आहे. पण फिरायला जाऊ नका, असं मी म्हणत नाही. हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि तुमच्या घरात त्यांची गल्लत झाली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुमची शीट मी दोनदा वाचली. गेली अठरा वर्षं लोकांचे खर्च बघते आहे. भाडं, किराणा, पेट्रोल, एसआयपी हे सगळे लिहितात. तुमच्या नवऱ्याने मात्र शेवटी एक रकाना जास्तीचा घातलाय, ‘पुन्हा?’ नावाचा, आणि प्रत्येक फिरण्यापुढे त्यात काहीतरी लिहिलंय. सिंहगड, पिठलं-भाकरी, भजी, दही, ६४० रुपये : ‘दर महिन्याला’. भंडारदरा, काजवे, तंबूत एक रात्र, ५,२०० रुपये : ‘हो, पण शनिवारी नको, गर्दी’. कास, फुलं, ४,३०० : ‘हो’. वेळास, कासवांची पिल्लं, दोन रात्री, ६,३०० : ‘पिल्लू एकच दिसलं. हो, हो’. आणि लोणावळा, ३१ डिसेंबर, एक रात्र, सक्तीच्या गाला डिनरसह १४,८०० : ‘नाही’. महाबळेश्वर, ऑगस्टमधलं रिसॉर्ट, दोन रात्री, २१,५०० : ‘नाही. धुकं खोलीतूनच पाहिलं’.

अकरा महिन्यांत तुम्ही नऊ वेळा बाहेर गेलात, एकूण ७८,००० रुपयांत. त्यातले ३६,३०० म्हणजे निम्म्याच्या जवळपास पैसे ज्या दोन ठिकाणी गेले, त्या दोन्हींपुढे ‘नाही’ आहे. बाकीच्या सात वेळा मिळून ४१,७०० आणि एकाही ठिकाणी ‘नाही’ नाही. तुम्हाला रिसॉर्ट आवडत नाही हे तुम्ही दोघांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय. आणि आता जी वस्तू २५ वर्षांसाठी घ्यायला निघाला आहात, ती रिसॉर्टच आहे.

आता हिशोब. आधीचे ६०,००० आणि ३६ हप्त्यांचे ३,७४,४०० मिळून ४,३४,४०० रुपये होतात. २५ वर्षांवर वाटले तर वर्षाला १७,३७६. त्यात जीएसटी धरून देखभाल फी २१,२४०. म्हणजे वर्षाला ३८,६१६ रुपये आणि सहा रात्रींनी भागलं तर एका रात्रीला साधारण ६,४४०. हे फक्त राहण्याचे. जाण्या-येण्याचा खर्च वेगळा, आणि रिसॉर्टमध्ये जेवण रिसॉर्टच्याच दराने. वेळासला तुम्ही ज्या घरी उतरलात तिथे दोघांचं दोन दिवसांचं राहणं-जेवण मिळून ४,००० झालं, असं शीटमध्येच आहे.

हॉटेलांचे भाव दरवर्षी वाढतात, मेंबरशिपने आजचा भाव पक्का होतो, असं तिथे सांगितलं असणार. खोलीचा भाव पक्का होतो हे खरं. देखभाल फी मात्र वाढत जाते, तसं तुमच्या फॉर्मवरही लिहिलंय. वर्षाला सहा टक्के वाढ धरली तर दहाव्या वर्षी ती ३५,९०० च्या आसपास जाते, आणि २५ वर्षांची नुसती फीच साडेअकरा लाखांवर. गेलात तरी द्यायची, नाही गेलात तरी द्यायची. तुम्ही दोन वर्षांत बाळाचा विचार करताय असं लिहिलंय. त्या वर्षी सहा रात्री कुठे जाणार? हप्ते तेव्हाही चालूच असतील.

रजेचंही बघा. तुम्हाला बँकेत दुसरा आणि चौथा शनिवार सुटी. नवऱ्याला रविवार आणि वर्षाला १४ रजा, त्यातल्या चार गणपतीला गावी जातात, दोन दिवाळीत. तुमचं फिरणं शुक्रवारी रात्री ठरतं आणि रविवारी रात्री संपतं. क्लबने वर्षाचे हंगाम रंगांनी वाटलेत, त्यातला तुम्हाला दिलेला हंगाम पांढरा आहे. त्यात दिवाळी, नाताळ आणि मे महिना येत नाही. हव्या त्या ठिकाणची खोली मिळवायला काही महिने आधी बुकिंग करावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबाला अशीच मेंबरशिप छान लाभली आहे. नवरा-बायको दोघंही दातांचे डॉक्टर, स्वतःचा दवाखाना, दोन मुलं. गर्दी नसलेल्या आठवड्यात दवाखाना बंद ठेवून ते जातात, सहाच्या सहा रात्री वापरतात, आणि मुलांना पोहण्याचा तलाव मिळाला की आणखी काही नको असतं. तुमचं आयुष्य आज तसं नाही. उद्या झालं तर तेव्हा बघता येईल, आणि तेव्हा एखाद्या जुन्या मेंबरकडून कमी किमतीत हस्तांतरित करून घेता येते का, तेही विचारता येईल.

हप्ता आणि महिन्यावर वाटलेली फी मिळून १२,१७० रुपये होतात. शीटप्रमाणे फिरणं, हॉटेलिंग, सिनेमा, वाढदिवस, दिवाळी पहाटेची तिकिटं, सगळं धरून तुमचा अकरा महिन्यांचा खर्च १,३७,५००, म्हणजे महिन्याला १२,५००. मेंबरशिप घेतली तर आज जी रक्कम तुम्हाला महिनाभर आनंद देते, जवळजवळ तेवढीच तिथे जाईल. मग सिंहगडाचे ६४० सुद्धा जड वाटू लागतील. मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते.

आता तुमच्या नवऱ्याशी बोलते. ‘आत्ता पैसे गुंतवले नाहीत तर कुठे जाणारच नाही’ ही भीती खोटी नाही. चाळिशीतली कितीतरी जोडपी माझ्यासमोर बसतात. त्यांच्याकडे पैसा असतो, पण दोघांनी मिळून शेवटचं कुठे गेलो ते आठवावं लागतं. तुमच्या बाबांनी आईला एकदाच नेलं, ती गोष्ट तुमच्या मनात घर करून आहे, आणि तुमच्या संसारात तसं होऊ द्यायचं नाही हे तुम्ही ठरवलंय. ते ठरवणं मोलाचं आहे. पण त्यासाठी तारीख बांधा, करार नको. जानेवारीत नवं कालनिर्णय आलं की बँकेच्या आणि कंपनीच्या सुट्ट्यांची यादी शेजारी ठेवून बसा आणि वर्षातले पाच दुसरे-चौथे शनिवार पेनाने गोल करा. ठिकाण नंतर ठरलं तरी चालेल. कोकणात उतरण्याच्या घरी पाचशे-हजार आगाऊ पाठवले की जाणं सहसा टळत नाही. तारकर्लीला जायचं असेल तर रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तो दिवस मोबाइलवर लावून ठेवा. एसटीने गेलात तर बायकोचं तिकीट निम्मं आहे. हॉटेलात उतरलात तर बिल वाचा. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराने लावलेला दिसला तर तिथेच सांगा.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तुमचा पाया कच्चा आहे, पण तो फिरण्यामुळे कच्चा राहिलेला नाही. भाडं २४,०००, घरखर्च २६,०००, गावी १०,०००, विम्याचे हप्ते ३,००० हे न टाळता येणारे ६३,००० रुपये. एसआयपी १५,०००. मौजेचे १२,५००. हे सगळं वजा जाऊन महिन्याला २५,५०० उरतात आणि ते फ्लॅटसाठी म्हणून बाजूला पडतात. पण अडीअडचणीसाठी तुमच्याकडे फक्त १,१०,००० आहेत. भाड्याच्या घरात, बाळाचा विचार असताना, सहा महिन्यांचा अटळ खर्च हाताशी हवा, म्हणजे ३,७८,०००. कमी पडतात २,६८,०००. पुढचे दहा-अकरा महिने ते २५,५०० फ्लॅटऐवजी इथे वळवा. हवी तेव्हा मोडता येईल अशा मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात, म्हणजे पैसे चटकन काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात ठेवा. मग पुन्हा फ्लॅटकडे. हा कागद सासूबाईंना दाखवा. घर होतंय की नाही याची त्यांना धास्ती आहे, आकडे दिसले की ती थोडी कमी होईल. आणि पाचांतला एक शनिवार त्यांच्यासाठी ठेवा. त्यांनी स्वतः कुठे जायचं म्हटलेलं नसेल, म्हणून विचारू नका, तिकीटच काढा.

मौजेचे १२,५०० जसेच्या तसे ठेवा. एकच बदल सुचवते. त्यासाठी वेगळं बचत खातं उघडा. पगाराच्या दिवशी रक्कम आपोआप तिथे जाऊ द्या आणि बाहेर असताना यूपीआय त्याच खात्यावरून करा. उरले तर पुढच्या महिन्यात राहू द्या, संपले तर पुढच्या पगारापर्यंत घरी पोहे. क्रेडिट कार्ड या कामाला नको. थकबाकी राहिली की त्यावर महिन्याला साडेतीन टक्के किंवा त्याहूनही जास्त व्याज लागू शकतं. आणि या खात्यातले पैसे खर्च करताना एकमेकांना हिशोब विचारायचा नाही. तुमच्या उत्पन्नाच्या जेमतेम अकरा टक्के आहेत हे. बाकीचं घर नीट चाललं असताना ते खर्च करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. लोणावळा आणि महाबळेश्वरचे पैसे वाचले तर याच रकमेत तुमची आवडती चार ठिकाणं जास्त होतील.

लग्नाचा वाढदिवस जरूर करा. तुम्ही दोन पर्याय लिहिलेत : मुळशीजवळच्या रिसॉर्टमध्ये ११,००० रुपयांचं ‘कपल पॅकेज’, किंवा पुन्हा वेळास. उत्तर तुमच्या शीटमध्येच आहे. फक्त तारखेचा हट्ट धरू नका. वेळासचे गावकरी समुद्रकिनाऱ्यावरची कासवांची अंडी उचलून कुंपणाच्या आत पुरतात आणि पुरल्याची तारीख लिहून ठेवतात. पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, त्यामुळे कुठलं घरटं कधी फुटेल याचा त्यांना बराचसा अंदाज असतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मागच्या वेळच्या त्याच घरी फोन करा, लग्नाची तारीख सांगू नका, कासवांची विचारा. ती मार्चमधली निघाली तर मार्चमध्ये जा. आणि दोन रात्री राहा. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, एका रात्रीच्या मुक्कामात हुकायची भीती असते. मागच्या वेळी एकच दिसलं होतं.