शेवटच्या इनिंगला कोणाला पाठवायचं?

या वेळी बेसबॉल-सॉफ्टबॉलची पत्रं इतकी आली की बाकीचे खेळ पुढच्या अंकावर ढकलावे लागले. बऱ्याच पत्रांत २ नोव्हेंबर २०२५ च्या सकाळचा उल्लेख आहे. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीग बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना टोरांटोत शनिवारी रात्री होता, म्हणजे आपल्याकडे रविवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू झाला. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी टोरांटोच्या ब्लू जेजना अकराव्या इनिंगला (बरोबरी नसेल तर नऊच होतात) ५-४ ने हरवलं. त्यावरून नागपुरात घरोघरी वाद पेटलेले दिसतात आणि मला त्याचा आनंद आहे.

प्रश्न : ताई, आम्ही चार मित्र. त्या दिवशी फिरायला जायचं सोडून मॅच पाहून राहिलो होतो. डॉजर्सच्या मिगेल रोहासनं नवव्या इनिंगला होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) मारला तेव्हापासून भांडण सुरू आहे. दोघं म्हणतात, क्लच, म्हणजे ऐन मोक्याला चमकणारा, खेळाडू जन्मालाच यावा लागतो. दोघं म्हणतात, हा सारा योगायोग. तुम्ही कोणत्या बाजूनं? (धरमपेठ)

योगायोगवाल्यांच्या बाजूनं, पण पूर्ण नाही.

रोहासचंच बघा. डॉजर्स ४-३ ने मागे, नवव्या इनिंगला एक आउट झालेला, आणि बॅटिंगला नवव्या क्रमांकाचा छत्तीस वर्षांचा माणूस. त्याचं नाव आहे ते फिल्डिंगसाठी. सामन्याआधी तुम्हा चौघांना विचारलं असतं तर डॉजर्सच्या बड्या हिटरांपैकी ओहतानी आला असता, फ्रीमन आला असता. फ्रीमनचं नाव घ्यायला कारणही होतं. २०२४ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्याच सामन्यात, दहाव्या इनिंगला, दोन आउट असताना त्यानं सामना संपवणारा ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असतानाचा होमरन) मारला. वर्ल्ड सिरीजमध्ये तसं त्याआधी कधीच झालं नव्हतं. पण त्या रविवारी बरोबरी करून दिली ती रोहासनं. त्याच इनिंगच्या दुसऱ्या अर्ध्यात बेसेस भरलेले असताना ग्राउंडर (जमिनीवरून आलेला फटका) अडवला, तोल जात असतानाही होमला (रन जिथे पूर्ण होतो तिथल्या कॅचरकडे) फेकला आणि हरणारा सामना जिवंत ठेवला, तोही त्यानंच. मी कॅचर होते, त्यामुळे मला तो थ्रो होमरनपेक्षा मोठा वाटतो. टीव्हीवाले मात्र होमरनच दाखवत बसतात.

आता ज्याला ‘कॅप्टन क्लच’ म्हणत तो न्यूयॉर्क यांकीजचा डेरेक जिटर. नियमित हंगामांत त्याची कारकिर्दीची सरासरी .३१० (हजार संधींत ३१० हिट). पोस्टसीझनचे, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचे, १५८ सामने खेळला, म्हणजे जवळजवळ एक अख्खा हंगाम. तिथली सरासरी .३०८. मोक्याला जिटर वेगळा कोणी होत नव्हता, जिटरच राहत होता. पोस्टसीझनला समोर निवडक पिचर (बॉल टाकणारे) असतात, तरी तो खाली घसरला नाही. याला मी मान देते, आणि इथपर्यंत तुमच्या पहिल्या दोन मित्रांचंही बरोबर आहे.

उलट बाजूला बॅरी बाँड्स. २००२ पर्यंत पोस्टसीझनमध्ये त्याची सरासरी .१९६ होती. एवढा मोठा खेळाडू, पण ऐन वेळी कच खातो, असं लोक छातीठोकपणे सांगत. २००२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये तो .४७१ ने खेळला, चार होमरन मारले. त्याच्या छातीत एका उन्हाळ्यात नवं काळीज बसवलं नव्हतं. आधीच्या संधीच थोड्या होत्या, आणि थोड्या संधींवरून माणूस ओळखता येत नाही.

१९७७ साली बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक डिक क्रेमर यांनी दोन हंगामांचे आकडे शेजारी ठेवून तपासलं. पहिल्या वर्षीचे मोक्याचे हिटर दुसऱ्या वर्षीही तसेच निघतात का? तसं दिसलं नाही. पुढे २००४ मध्ये असेच अभ्यासक बिल जेम्स यांनी त्यावर रास्त शंका घेतली : हे आकडे इतके धूसर असतात की गुण असला तरी तो दिसणार नाही, म्हणून तो नाहीच असंही म्हणू नये. मला दोघांचंही पटतं. मोठ्या खेळाडूंवरून तुम्ही खुशाल भांडा.

मला चीड येते ती बारा-तेरा वर्षांच्या मुलांवर हा शिक्का मारला जातो तेव्हा. साधा हिशेब करा. चारदा बॅटिंगला गेला की एकदा हिट मारणारा मुलगा घ्या. दडपणाच्या आठ संधींत त्याला एकही हिट न मिळण्याची शक्यता दहा टक्के आहे. म्हणजे अगदी सारख्या ताकदीच्या दहा मुलांमधला एक जण केवळ योगायोगानं हंगामभर रिकामा राहू शकतो. आपण त्यालाच म्हणतो, ‘याच्यात दम नाही.’ मग पुढच्या वर्षी शेवटच्या इनिंगला त्याच्या जागी दुसरा जातो, आणि पहिल्याला दडपणात खेळायची संधीच मिळत नाही. शिक्का आपण मारतो आणि खराही आपणच करून दाखवतो.

प्रश्न : ताई, माझा मुलगा तेरा वर्षांचा, पिचर आहे. मागच्या स्पर्धेत एका दिवशी दोन मॅच अन् दुसऱ्या दिवशी फायनल, तिन्ही त्यालेच टाकायला लावल्या. आता कोपर आतून दुखते म्हणतो. कोच म्हणतात, डॉजर्सच्या यामामोतोनं लागोपाठ दोन दिवस टाकलं, चॅम्पियन असाच घडतो. मी जास्त बोललो तर पोराले टीममधून काढतील अशी भीती वाटते. (मानेवाडा)

भाऊ, पहिली गोष्ट : दुखणं आतल्या बाजूला आहे, तर आजपासून फेकणं बंद. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि मुलगा पिचिंग करतो हे त्यांना स्वतःहून सांगा, कारण आपल्याकडे ते कोणी विचारत नाही. त्या वयात कोपराच्या आतल्या बाजूच्या वाढीच्या कूर्चेचं हाड झालेलं नसतं. मोठ्या माणसाचा लिगामेंट (हाडं जोडणारा बंध) ताणला जातो तिथे मुलाची ती कूर्चाच ओढली जाते. बर्फ लावून, पट्टी बांधून पुढची मॅच खेळवायचा हा विषय नाही.

आता यामामोतो. त्यानं त्याच वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात ९६ पिच (बॉल) टाकले आणि दुसऱ्याच रात्री येऊन आणखी ३४. खरंच अचाट कामगिरी, वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) तो उगाच ठरला नाही. पण तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. त्याचं हाड पूर्ण वाढलेलं आहे, त्याच्यामागे डॉक्टर आणि ट्रेनर उभे आहेत, आणि हंगामाचा तो शेवटचा सामना होता. तेरा वर्षांच्या मुलाची शालेय स्पर्धा कोणाचाही शेवटचा सामना नसते.

अमेरिकेत मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये ‘पिच स्मार्ट’ नावाची मार्गदर्शक तत्त्वं दिली. १३-१४ वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच. २० पर्यंत टाकले तर विश्रांतीची सक्ती नाही. २१ ते ३५ झाले तर एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ किंवा जास्त झाले तर चार दिवस. पिचिंग करून झालं की त्याच मॅचला कॅचर म्हणून बसवू नये, हेही त्यात आहे, आणि आमच्या मैदानांवर हेच सर्रास मोडलं जातं, कारण ज्याचा हात चांगला त्यालाच दोन्ही कामं देतात. आपल्या स्पर्धा दोन-तीन दिवसांत उरकतात. म्हणून एका संघात तीन-चार मुलांना तरी पिचिंग शिकवलंच पाहिजे. एकावर स्पर्धा जिंकणाऱ्या कोचचं कौतुक थांबवा, चार पिचर तयार करणाऱ्याचं करा.

वर्षातून किमान चार महिने फेकणं बंद, त्यातले दोन-तीन सलग, असंही ती तत्त्वं सांगतात. नागपुरात हे जमवणं सोपं आहे. नवतप्याच्या उन्हात मुलांना मैदानावर उभं करणं तसंही चूक, आणि पुढे पावसात काळ्या मातीचा चिखल होतो. तेवढ्या काळात पोहू द्या, फुटबॉल खेळू द्या.

‘ऑपरेशननं हात नवा होतो’ असं कोणी म्हणेल. ते ज्याच्या नावानं ओळखलं जातं त्या टॉमी जॉन या पिचरवर डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये कोपराच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया केली. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ त्यानंतरचे, हे खरं. पण तो तिशी ओलांडलेला व्यावसायिक होता आणि १९७५ चा अख्खा हंगाम बाहेर बसला. शाळकरी मुलाला हा मार्ग दाखवायचा नसतो.

पिचर स्टीफन स्ट्रासबर्गचा वादही सांगते. २०१० मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली, म्हणून २०१२ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सनी त्याला १५९ इनिंगनंतर थांबवलं. संघ त्याच्याशिवाय प्लेऑफला गेला आणि हरला. चाहते अजून माफ करत नाहीत. २०१९ मध्ये त्याच संघानं वर्ल्ड सिरीज जिंकली आणि एमव्हीपी स्ट्रासबर्ग होता. त्यानंतर मात्र दुखापतींनी त्याला फारसं खेळू दिलं नाही. म्हणजे जपल्यावर हात टिकेलच याची हमी नाही. तरीही मी २०१२ च्या त्या निर्णयाच्या बाजूनं आहे, कारण तो हात खेळाडूचा होता.

टीममधून काढण्याची भीती मला कळते. एकटे जाऊ नका. संघातल्या आणखी दोन-तीन पालकांना घेऊन कोचकडे जा, वरचे आकडे कागदावर लिहून द्या, आणि प्रत्येक मॅचला पिच मोजायची वही तुम्ही स्वतः सांभाळतो म्हणा. भांडण न करता वही पुढे केली की बहुतेक कोच ऐकतात. नाहीच ऐकलं, तर त्या टीममध्ये नसलेलं बरं.

प्रश्न : ताई, मी पंधरा वर्षांची आहे, सॉफ्टबॉल खेळते. सरावात चांगली मारते. पण शेवटच्या इनिंगला माझे हातपाय गळतात. दोनदा उभ्या उभ्या स्ट्राइक आउट झाले. सगळे म्हणतात, हिला पाठवू नका. (कामठी)

बाळा, तू शेवटच्या इनिंगला दोनदा आउट झालीस. दोनदा. वरचा आठ संधींचा हिशेब पुन्हा वाच.

हातपाय गळतात तेव्हा काय होतं ते समजून घे. दडपण आलं की लक्ष स्वतःच्या शरीराकडे जातं : कोपर वर आहे का, पाय बरोबर पडला का. सरावानं आपोआप होणारी हालचाल अशी तुकड्यातुकड्यांनी तपासायला गेलं की मोडते. बेसबॉलच्या हिटरवर प्रयोग करूनही हे दिसलं आहे. म्हणून बॅटिंगच्या बॉक्समध्ये जाण्याआधीच एक गोष्ट ठरव : कोणता बॉल मारायचा. समज, मांडीपासून कमरेपर्यंतचा, आतला. दोन स्ट्राइक होईपर्यंत (तिसऱ्याला आउट) बाकीचे सोड. एक लांब श्वास बाहेर सोड आणि नजर पिचरच्या हातावर ठेव, जिथून बॉल सुटतो तिथे. स्वतःच्या बॅटकडे बघूच नको.

आणि कोचना माझ्या नावानं सांग : सरावाच्या शेवटी रोज दोन आउट, तिसऱ्या बेसवर रनर, हिटरवर एक स्ट्राइक, अशी स्थिती लावा आणि बॅटिंगला कोण जाणार ते चिठ्ठीनं ठरवा. बाकीच्यांनी बाजूला उभं राहून मुद्दाम गोंगाट करायचा. आमच्या मुलींना पहिले काही दिवस रडू येतं, मग त्या चिठ्ठीत आपलं नाव निघावं म्हणून थांबतात.

आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये बाटुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा एकोणीस वर्षांच्या पोरीची हिंमत बघा म्हणून सगळे थक्क झाले. मला तिची त्याआधीची वर्षं दिसतात. लहान वयोगटांची जागतिक विजेतेपदं, परक्या गावी खेळलेले असंख्य निर्णायक डाव. तुला तसे डाव खेळायला मिळालेच नाहीत, ते आता माग.

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा भाचा सीमारेषेवरून थेट स्टंपवर फेकतो. क्रिकेट सोडून पिचर करावं का? उत्तर प्रदेशच्या दोन मुलांनी केलं होतं ना? (हिंगणा)

रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दोघं भालाफेकपटू होते, बेसबॉल त्यांना ठाऊकही नव्हता. पिचर शोधण्यासाठी घेतलेल्या २००८ च्या स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांना करारबद्ध केलं. मेजर लीगपर्यंत ते पोहोचले नाहीत, पण वयाच्या विशीला पोहोचत असतानाही पिचिंग शिकता येतं हे त्यांनी दाखवलं. मग अकराव्या वर्षी घाई कशाला? क्रिकेट सोडायला लावू नका. रविवारी सकाळी ग्लोव्हज देऊन आउटफिल्डला उभं करा, बॉल झेलू द्या, बॅट फिरवू द्या. पिचिंगचं चौदाव्या वर्षी बघू, आणि तेव्हाही कर्व्हबॉलनं (हवेत वळणाऱ्या बॉलनं) सुरुवात नको. आधी फास्टबॉल आणि चेंजअप (तशाच हालचालीनं टाकलेला संथ बॉल) हातात बसू द्या.