फिजिऑलॉजीचं पुस्तक: आधी झेरॉक्सचा विचार सोड

सटाण्याहून नाशिकला बीपीटीएचला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीला आलीस, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आणि प्रश्न असा की फिजिऑलॉजीला, म्हणजे शरीरक्रियाशास्त्राला, गायटनचं पुस्तक घ्यावं, सेंबुलिंगमचं घ्यावं, की सिनियर म्हणतात तसं झेरॉक्सवर वर्ष काढावं. तुझी पोस्ट दोनदा वाचली. पंधरा वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला पडला होता आणि मी तिसरा पर्याय घेतला होता, म्हणून जरा लांबण लावते. तू मला लहान आहेस असं धरून ‘तू’ म्हणतेय, राग मानू नकोस.

मी दिंडोरीची. रोज एसटीने ये-जा. कॉलेजच्या लायब्ररीत मोठी पुस्तकं होती, पण ‘संदर्भग्रंथ घरी मिळणार नाहीत’ हे एकच वाक्य. बसून वाचावं म्हटलं तर आमची प्रॅक्टिकलं साडेचारला सुटायची आणि खिडकी पाचला बंद. मला साडेपाचची गाडी गाठायची असायची. दोनदा अर्ज दिला, की शनिवार-रविवारपुरतं तरी द्या, सोमवारी पहिल्या तासाला परत आणते. अर्जावर सही मिळाली नाही आणि अर्जही परत मिळाला नाही. तिथे कपाटात पुस्तकं धूळ खात होती आणि समोर मुली उभ्या होत्या, हे आठवलं की आजही मला चीड येते. पहिल्या वर्षाच्या मुलीला पुस्तक द्यायचं नाही, तर मग लायब्ररी ठेवायची कुणासाठी?

मग मी सिनियरच्या पुस्तकातली निवडक प्रकरणं काळी-पांढरी झेरॉक्स करून स्पायरल बायंडिंग केली. पैसे वाचले म्हणून घरी सगळे खूश. चूक इथेच झाली. फिजिऑलॉजी अर्धी आलेखांत असते. ऑक्सिजनच्या कोणत्या दाबाला रक्तातलं हिमोग्लोबिन किती भरलेलं असतं, त्या ऑक्सिजन-हिमोग्लोबिनच्या आलेखात तीन रेषा होत्या, मूळ पुस्तकात तीन रंगांच्या. माझ्याकडे तिन्ही राखाडी, आणि बायंडिंगसाठी कागद कापताना कडेची नावंही गेली. कोणती रेषा आम्लाची हे मी मनानेच ठरवलं. पीएचच्या पट्टीवर आम्ल डावीकडे असतं, म्हणजे आम्ल वाढलं की रेषा डावीकडे सरकत असणार. आठ महिने तसंच घोकलं.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरच्या परीक्षकांनी नेमका तोच आलेख काढायला सांगितला. काढला. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘पेशंट जिना चढतोय, मांडीच्या स्नायूत आम्ल वाढलंय, तिथे हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त सोडेल की कमी?’ मी म्हटलं, जास्त. ‘मग तुमचा आलेख काय सांगतोय?’ माझा आलेख उलटं सांगत होता. आम्ल, कार्बन डायऑक्साइड, तापमान, बीपीजी (तांबड्या पेशींतलं एक रसायन) यांपैकी काहीही वाढलं की रेषा उजवीकडे जाते, म्हणजे त्याच दाबाला हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त सोडतं. ऑक्सिजनच्या १०० मिलिमीटर (पारा) दाबाला साधारण ९७ टक्के भरलेलं हिमोग्लोबिन ४० ला ७५ वर येतं, हे आकडे मला तोंडपाठ होते, पण रेषा कुठे आणि का सरकते ते कळलं नव्हतं. पुढच्या प्रश्नांना मला बोलताच आलं नाही. थिअरीत सुटले, प्रॅक्टिकलमध्ये राहिले. सहा महिने गेले, बरोबरच्या मुली पुढे गेल्या. आईला सांगताना काय वाटलं ते इथे लिहीत नाही.

आता पुस्तकाबद्दल. हे माझं मत आहे. मी शिकवत नाही, प्रॅक्टिस करते, आणि अभ्यासक्रम बदलत असतात, तेव्हा तुझ्या बॅचचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या वेबसाइटवरून स्वतः उतरवून घे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशिकच्या म्हसरूळला आहे. मी रोज एसटीतून त्याच्या फाटकावरून जायचे आणि वर्षभर अभ्यासक्रमाचा कागद उघडला नव्हता.

मुख्य पुस्तक सेंबुलिंगम घे. इंग्रजी सोपं, मथळे ठळक, उत्तर लिहायला मांडणी आयती मिळते. पण ‘का’ विचारलंस की ते लवकर थांबतं. तिथे गायटन. ते शेवटपर्यंत वाचून होणार नाही आणि व्हायचीही गरज नाही. फिजिओला मज्जातंतू, स्नायू, हृदय-रक्ताभिसरण आणि श्वसन एवढे भाग त्यातून वाच, आणि अगदी शेवटचं खेळाडूंच्या शरीरक्रियेचं प्रकरण सोडू नकोस, पुढे व्यायामाच्या पेपरला कामी येतं. गॅनाँग हे आणखी एक पुस्तक, त्याची मांडणी दाट आहे, पहिल्या वर्षी मराठी माध्यमातून आलेल्या मुलीने त्याने सुरुवात करू नये असं मला ठाम वाटतं. कुणाला पटणार नाही, ठीक आहे.

तरी माझ्या शब्दावर घेऊ नकोस. दुकानात जा, सेंबुलिंगम आणि गायटन दोन्हींत किडनीचं प्रकरण उघड. किडनीत रक्तातून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि लघवी होते दीड लिटरच्या आसपास. बाकीचं कुठे जातं, हे ज्या पुस्तकातून तुला उभ्या उभ्या समजलं ते तुझं. दुकानदार घाई करेल, करू दे.

पैशाची अडचण असेल तर आधीची आवृत्ती घे. पहिल्या वर्षाच्या फिजिऑलॉजीत एका आवृत्तीने फारसं बिघडत नाही. सिनियरकडून निम्म्या किमतीत मिळते, फक्त आलेखांची पानं फाटलेली नाहीत ना ते बघ. अनुसूचित जातीतली असशील तर आमच्या वेळी समाज कल्याणची बुक बँक योजना होती, आता आहे का ते कॉलेजात लेखी विचार आणि अर्जाची पोच घे. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस. बसायला जागा हवी असेल तर नाशिकचं सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० पासूनचं.

आणि एक. दर आलेखाखाली समासात मराठीत एक वाक्य लिही: काय वाढलं, म्हणून काय झालं. मी दुसऱ्या खेपेला तसंच केलं, आणि मग इंग्रजीत बोलतानाही अडखळले नाही. ऑक्सिजनचा आलेख पुस्तक न बघता काढ आणि त्याचा फोटो इथे टाक. मी रात्री नऊनंतर बघते, चुकलं असेल तर सांगेन.