पुसट रेघ आली तर?

प्रश्न : कर्मचाऱ्यांच्या लघवीत झोपेच्या औषधांसाठी पट्टीचाचणी करतो. ‘टी’ची (टेस्टची, म्हणजे चाचणीची) रेघ पुसट आली तर निकाल काय धरायचा?

उत्तर : निगेटिव्ह. इथे औषध मर्यादेपेक्षा जास्त असेल तर रेघ उमटत नाही. म्हणून पुसट रेघही रेघच. ‘सी’ची (कंट्रोलची, म्हणजे पट्टी नीट चालल्याची) रेघ नसेल तर पट्टी बाद. निकाल किटवरच्या वेळेतच वाचा, बहुधा 5 मिनिटांनी.

बेंझोडायझेपिनच्या (झोपेच्या आणि चिंतेवरच्या औषधांचा एक गट) पट्ट्या बहुतेक त्यातल्या ऑक्साझेपाम या औषधावर बेतलेल्या असतात, मर्यादा सहसा 300 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. त्यामुळे त्याच गटातली क्लोनाझेपाम, लोराझेपाम निसटू शकतात. झोल्पिडेम हे झोपेचं औषध तर या पट्टीवर दिसतच नाही. उलट, सर्ट्रालीन (नैराश्यावरचं औषध) घेणाऱ्याचा निकाल खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. मास स्पेक्ट्रोमेट्रीने (प्रयोगशाळेतल्या अचूक तपासणीने) खात्री होण्याआधी कुणावरही कारवाई करू नका. डॉक्टरांनी औषध लिहून दिलंय का, हेही खासगीत विचारा.