ग्रुप पुसला, पण स्टिकर कुठे गेले?

पत्र असं आहे:

"माझा मुलगा आठवीत आहे. वर्गातल्या मुलांचा शिक्षकांना माहीत नसलेला एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे आणि त्याचा एकटा अ‍ॅडमिन माझा मुलगा. वर्गातला एक मुलगा बोलताना अडखळतो. तो धडा वाचत असताना कुणीतरी चोरून व्हिडिओ काढला. माझ्या मुलाने त्यातून त्या मुलाच्या चेहऱ्याचे स्टिकर बनवले आणि दोन आठवडे ते ग्रुपवर फिरत होते. परवा दुसऱ्या एका आईकडून मला हे कळलं. मी समोर बसून त्याला ग्रुप सोडायला लावला, सगळं डिलीट केलं, फोन कपाटात ठेवला. तो म्हणतो, 'गंमत होती, सगळेच करत होते.' शाळेला अजून काही माहीत नाही. आता ग्रुपच उरला नाही, तर सांगायची गरज आहे का? त्याच्यावर कायमचा शिक्का बसेल अशी भीती वाटते. — अस्वस्थ आई"

ताई, ग्रुप फक्त तुमच्या मुलाच्या फोनमधून गेला. बाकीच्यांकडे तो जसाच्या तसा चालू आहे. एकटा अ‍ॅडमिन बाहेर पडला की व्हॉट्सअ‍ॅप उरलेल्यांपैकी कुणाला तरी आपोआप अ‍ॅडमिन करतं. स्टिकर तर त्याहून चिवट. ज्याने तो एकदा 'फेव्हरिट'मध्ये टाकला, त्याच्याकडे तो राहतो आणि तिथून कुठल्याही दुसऱ्या ग्रुपवर जाऊ शकतो. तुमच्या हातून पुसल्या गेल्या त्या दोन गोष्टी: काय घडलं याचा पुरावा, आणि मुलाकडे असलेला अ‍ॅडमिनचा अधिकार. घाबरलेल्या आईचा हात आधी डिलीटकडेच जातो, त्यामुळे यावरून स्वतःला बोल लावत बसू नका.

शाळेला सांगावं लागेल, आणि शाळेने विचारण्याआधी सांगावं लागेल. पण त्याआधी आज रात्रीचं एक काम आहे, ते घाईचं आहे.

फोन कपाटातून काढा. तो चालू असेल आणि वायफायला जोडलेला असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपचा रोजचा बॅकअप मध्यरात्रीनंतर आपोआप होतो आणि गूगल खात्यातल्या जुन्या बॅकअपची जागा नवा घेतो. या नव्यात तो ग्रुप नसेल. सेटिंग्जमध्ये 'चॅट्स', त्यात 'चॅट बॅकअप' उघडा आणि शेवटच्या बॅकअपची तारीख बघा. ती ग्रुप पुसण्याआधीची असेल तर आपोआप होणारा बॅकअप आधी बंद करा. मग ॲप काढून पुन्हा टाकलं आणि 'रिस्टोअर' केलं तर गप्पा परत येतील. बॅकअपनंतर आलेले बाकीचे मेसेज मात्र जातील, हे लक्षात ठेवून करा. तारीख नंतरची निघाली तर ज्या आईने तुम्हाला सांगितलं तिला विचारा. तिच्या मुलाकडे ग्रुप असेल तर त्याच्या फोनवरून 'एक्सपोर्ट चॅट' करता येतं, त्यात वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव दोन्ही येतं. नुसते स्क्रीनशॉट घेणार असाल तर त्यात तारीख, ग्रुपचं नाव आणि पाठवणारा दिसायला हवा. कापलेल्या स्क्रीनशॉटवरून शाळेत फक्त वाद होतात.

एक अपवाद. उघड्या अंगाचं चित्र असतं, तर हा सल्ला नेमका उलटा झाला असता: स्क्रीनशॉट नाही, एक्सपोर्ट नाही, शाळेलासुद्धा पाठवायचं नाही. मुलांची अशी चित्रं जवळ ठेवणं बहुतेक देशांत गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. १८ वर्षांखालच्यांसाठी 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे. तिथे चित्र अपलोड करावं लागत नाही. फोनवरच त्याचा डिजिटल ठसा बनतो आणि फक्त तो सहभागी कंपन्यांकडे जातो. व्हॉट्सअ‍ॅपच्या कुलूपबंद, म्हणजे कंपनीलाही न दिसणाऱ्या, गप्पांमध्ये मात्र तिचा उपयोग होत नाही. तुमच्या बाबतीत त्याची गरज नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी असेल.

आता 'गंमत होती' याबद्दल. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेअस यांनी दादागिरीच्या तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेलं, पुन्हापुन्हा केलेलं, आणि समोरच्याला स्वतःचा बचाव सहज करता येत नाही अशा स्थितीत केलेलं. मुलगा म्हणेल, मी स्टिकर एकदाच बनवला. ऑनलाइन हिशेब वेगळा असतो. बनवणारा एकदा बनवतो, पण तो जितक्या वेळा कुणी पाठवतो तितक्या वेळा ते घडतं, आणि घरी गेल्यावरही थांबत नाही. तिसरी खूण सांगायलाच नको. ज्याला उलट उत्तर द्यायला शब्दच वेळेवर फुटत नाहीत, त्याच्या अडखळण्यावर हसणं ही बरोबरीची चेष्टा नव्हे.

'सगळेच करत होते' हे मात्र खरं असावं, आणि ते महत्त्वाचं आहे. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये वर्गातल्या अशा भूमिका वेगवेगळ्या करून दाखवल्या: छळणारा, त्याला हात देणारे, हसून दाद देणारे, नुसते बाजूला राहणारे, आणि क्वचित एखादा बाजू घेणारा. तिथल्या शाळांसाठी पुढे 'किवा' हा कार्यक्रम याच पायावर उभा राहिला. त्याचा भर दाद देणाऱ्यांची दाद थांबवण्यावर आहे, कारण टाळ्या मिळाल्या नाहीत तर पुढचा स्टिकर बनवण्यात मजा उरत नाही. तुमचा मुलगा हे स्वतः बंद करू शकतो, कारण त्या ग्रुपवर त्याचा शब्द चालतो. म्हणून त्याला गायब करू नका, कामाला लावा.

काम असं. आता जो अ‍ॅडमिन असेल त्याने त्याला परत आत घ्यावं आणि अ‍ॅडमिन करावं. आत गेल्यावर पहिली गोष्ट म्हणजे ग्रुपच्या सेटिंगमध्ये 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात' हे चालू करणं. हे विसरलं की त्याच्या मेसेजखाली हशा सुरू होतो आणि सगळं फुकट जातं. मग त्याने स्वतःच्या शब्दांत, त्या मुलाचं नाव न घेता लिहावं: 'ते स्टिकर मी बनवले. ते चुकीचं होतं. फेव्हरिटमधून आणि गॅलरीतून काढा, पुढे पाठवू नका.' 'सगळ्यांसाठी डिलीट' हा पर्याय पाठवल्यापासून साधारण अडीच दिवसच मिळतो, त्यामुळे दोन आठवड्यांपूर्वीचं परत ओढता येणार नाही. गेल्या दोन दिवसांतलं काही असेल तर अ‍ॅडमिन ते काढू शकतो, दुसऱ्याने पाठवलेलंही. कंपनीकडे रिपोर्ट करण्यावर फार भिस्त ठेवू नका. ग्रुप रिपोर्ट केला की शेवटचे पाचेक मेसेजच त्यांच्याकडे जातात, आणि तुमचे स्टिकर केव्हाच वर सरकलेले आहेत.

शाळेत आधी वर्गशिक्षकांना भेटा, समुपदेशक असतील तर त्यांनाही. त्या मुलाच्या घरी तुम्ही थेट फोन करू नका. त्याने घरी सांगितलंय की नाही, सांगितलं तर काय झालं, तुम्हाला माहीत नाही. शिवाय तुमच्या तोंडून 'माझा मुलगा तसा वाईट नाही' हे वाक्य निघेलच, आणि ते ऐकण्याची पाळी त्या आईबापांवर येऊ नये. शाळेत सांगताना घडलं ते सांगा, पुरावा दाखवा, मुलाला सोबत न्या. व्हिडिओ काढणाऱ्याचं नाव तुमच्या मुलाने स्वतः सांगावं, पण आपला भाग सांगून झाल्यावर.

कधीकधी शाळा उत्साहाने दोन्ही मुलांना एका खोलीत बसवते आणि हात मिळवायला लावते. याला ठाम नकार द्या. भांडण दोघांचं असतं तेव्हा समेट होतो, इथे भांडण नव्हतंच. सगळ्या वर्गासमोर माफी मागायला लावणंही नको, कारण त्यात त्या मुलाकडे पुन्हा सगळ्यांच्या नजरा वळतात. शाळेकडे दोन गोष्टी मागा: दोघांशी वेगवेगळं बोलणं, आणि आठवड्याने व महिन्याने त्या मुलाला एकट्याला विचारणं की थांबलंय का. दुसरी गोष्ट बहुतेक शाळा विसरतात.

माफी हाताने, कागदावर लिहावी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर तिचाही स्क्रीनशॉट फिरेल. चार ओळी पुरे: मी काय केलं, ते थांबवायला काय केलं, पुन्हा करणार नाही. 'तुला वाईट वाटलं असेल तर' नको, 'मस्करीत' नको, 'मला माफ कर' असा आग्रहही नको. कागद शिक्षकांकडे द्या. तो घ्यायचा की नाही हे त्या घराने ठरवावं, आणि नाही घेतला तर तुमच्या मुलाने रुसायचं नाही.

शिक्का बसण्याची भीती समजते. पण मुलाने स्वतः येऊन सांगणं आणि महिन्याभराने पकडलं जाणं यांत शाळेच्या लेखी खूप फरक असतो. थोडं लक्ष तुमच्या मुलावरही ठेवा. असा मेसेज टाकणाऱ्याची टर उडते, आणि तोच वर्ग उद्या त्याचे स्टिकर करू शकतो.

राहिला फोन. शाळा संपेपर्यंत काढून घेतलात तर तो मित्राच्या फोनवरून खातं चालवेल आणि पुढच्या वेळी तुम्हाला काहीच कळणार नाही. वर्गातली बाकीची मुलंही हेच शिकतील की घरी कळलं की फोन जातो, म्हणजे ज्याला त्रास होतोय तोही गप्प बसेल. चार आठवडे पुरेत: रात्री फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला, स्टिकरचं सगळं निस्तरलं की अ‍ॅडमिनपद दुसऱ्याकडे, आणि आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं तो तुमच्या शेजारी बसून स्वतः ग्रुप उघडून दाखवेल. त्याच्या पाठीमागे तपासू नका. चार आठवडे कोणत्या तारखेला संपतात, ते त्याला आजच सांगा आणि त्या तारखेला शब्द पाळा.